रक्ताची गुठळी आणि आजारी यकृत

भाजी चिरताना बोट कापते, रक्त येते आणि थोड्या वेळाने ते आपोआप थांबते. ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तिचे आपल्याला नवल वाटत नाही. पण रक्त थांबविण्यासाठी जी गुठळी बनली, ती पुढे जाते कोठे, हा प्रश्न किती जणांच्या मनात येतो? कातडीवरची खपली गळून पडते हे आपण पाहतो. परंतु शरीराच्या आत, शिरांच्या आणि धमन्यांच्या भिंतींवर लहानमोठ्या गुठळ्या बनतात, त्यांना गळून पडायला जागा नसते. त्या तेथेच राहिल्या तर रक्ताची वाट बंद होईल. म्हणून शरीर त्या विरघळविते. रक्त साकळणे ही अर्धी गोष्ट झाली. गुठळी वेळेवर विरघळणे ही उरलेली अर्धी. यकृताला सिरोसिस झाला म्हणजे या दुसऱ्या अर्ध्या गोष्टीचे काय होते, ते या लेखात सांगण्याचा विचार आहे.

विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. पण मी सुरतेत रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, आणि तेथे "रक्त पातळ झाले आहे" हे वाक्य यकृताच्या रुग्णांच्या नातेवाइकांकडून वारंवार ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. अर्धे खरे असलेले वाक्य पुष्कळदा पूर्ण खोट्यापेक्षा अधिक नुकसान करते, आणि येथे तर प्रश्न माणसाच्या जिवाचा असतो.

यकृताचा कारखाना

आपल्या महाविद्यालयातील कन्नड भाषिक मित्र यकृताला 'पित्तजनकांग' म्हणतात, म्हणजे पित्त निर्माण करणारे अंग. नाव अर्थपूर्ण आहे, पण त्यात यकृताच्या अनेक कामांपैकी एकच आले. सुमारे दीड किलो वजनाचे हे इंद्रिय रक्तद्रवातील बहुतेक प्रथिने तयार करते. रक्त साकळविणारी प्रथिने येथेच बनतात, साकळण्याला आवर घालणारी येथेच बनतात, आणि गुठळी विरघळविणाऱ्या यंत्रणेतील प्रमुख प्रथिनेही येथेच बनतात. शिवाय काम संपलेली प्रथिने रक्तातून काढून टाकण्याचे कामही यकृताकडेच आहे.

सिरोसिसमध्ये यकृताच्या निरोगी पेशींच्या जागी कठीण तंतूंचे जाळे आणि गाठी तयार होतात. मराठी वैद्यकीय लेखनात याला 'यकृत-सूत्रण' असेही म्हटले आहे. कारखान्यातील यंत्रे एकामागून एक बंद पडावीत आणि आतल्या वाटाही बुजत जाव्यात, तशी ही स्थिती असते. आतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणारी पोर्टल शीर तुंबते, तिच्यातील दाब वाढतो, पानथरी वाढते, पोटात पाणी होते, आणि अन्ननलिकेच्या तळाशी शिरा फुगतात.

सिरोसिस म्हटले की दारू, असे समीकरण लोकांच्या डोक्यात बसलेले आहे. दारू हे मोठे कारण आहे यात शंका नाही. पण हिपॅटायटिस 'बी' व 'सी' हे विषाणू, आणि मधुमेह व स्थूलपणा यांच्याबरोबर येणारी यकृतातील चरबी, हीही तितकीच खरी कारणे आहेत. याचा सर्वांत बोलका पुरावा पुण्यात मिळाला. एके काळी आपल्याकडे दोन-तीन वर्षांच्या बालकांना सिरोसिस होऊन ती दगावत असत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर व सहकारी यांनी १९८३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात दाखवून दिले की, तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविलेले व साठविलेले दूध तान्ह्या वयात सुरू केल्याने त्यातील तांबे यकृतात साठते, आणि या रोगाचे हे कारण असावे. भांडी बदलली, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. त्या बालकांनी दारू पाहिलीही नव्हती.

सुरतेत ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा गुजरात राज्याने १९६० मध्ये स्थापनेबरोबर स्वीकारला, आणि तेथे दारूबंदी आजही आहे. दारूबंदीच्या प्रदेशात सिरोसिसचे निदान झाले की शेजारीपाजारी रोगाबरोबर आरोपही करतात. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात आणि यंत्रमागांवर व कापडाच्या गिरण्यांत काम करतात. अशाच एका ओळखीच्या कुटुंबातील बाई मला म्हणाल्या, "भाऊ, यांनी जन्मात थेंबाला हात लावला नाही, पण आता घरातलीच माणसं खरं मानत नाहीत." त्या गृहस्थांना वीस वर्षांचा मधुमेह होता. लाजेपायी त्यांनी दवाखान्यात जाणेच लांबणीवर टाकले होते. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा करावा लागेल.

विणणारी आणि उसवणारी प्रथिने

रक्त साकळण्याची क्रिया शहापूर-वडगावचे माग पाहिलेल्या वाचकांना सहज समजेल. रक्तात फायब्रिनोजेन नावाचे विरघळलेले प्रथिन असते. ते सूत यकृतात तयार होते. जखम झाली की अनेक घटकांच्या साखळीतून थ्रॉम्बिन निर्माण होते. ते फायब्रिनोजेनचे टोक कापते आणि त्यातून फायब्रिनचे धागे बनतात. धाग्यांचे जाळे होते, तेरावा घटक त्यांना पक्क्या गाठी मारतो, आणि त्यात रक्तपेशी अडकून गुठळी तयार होते.

आता उसवण्याची बाजू पाहू. येथे पाच प्रथिनांची नावे लक्षात ठेवावी लागतील.

पहिले प्लास्मिनोजेन. ही मिटलेली कात्री समजा. ती यकृतात तयार होते, आणि गुठळी विणली जात असतानाच धाग्यांना चिकटून बसते. म्हणजे कापड विणतानाच त्यात ते कापण्याची कात्री ठेवून द्यावी, अशी निसर्गाची योजना आहे. दुसरे टी-पीए. हे रक्तवाहिनीच्या आतील अस्तरातून स्रवते आणि मिटलेली कात्री उघडते. उघडलेल्या कात्रीला प्लास्मिन म्हणतात. प्लास्मिन फायब्रिनचे धागे कापते.

पण उघडी कात्री रक्तात मोकळी फिरू लागली तर अनर्थ होईल. म्हणून तीन रखवालदार आहेत. अँटिप्लास्मिन हे मोकळ्या प्लास्मिनला धरून निकामी करते. ते यकृतात बनते. टाफी नावाचे प्रथिन धाग्यांवरील ज्या जागी कात्री चिकटते त्या जागाच छाटून टाकते. तेही यकृतात बनते. तिसरा पीएआय-१, तो टी-पीएला अडवितो. हा मुख्यतः रक्तवाहिन्यांचे अस्तर, बिंबाणू आणि चरबीच्या पेशी यांतून येतो.

कोरोनाच्या साथीत, २०२० व २०२१ साली, 'डी-डायमर' ही तपासणी घरोघरी माहीत झाली. तो दुसरा-तिसरा काही नसून प्लास्मिनने कापलेल्या, गाठ मारलेल्या फायब्रिनचा तुकडा होय. तो रक्तात वाढला याचा अर्थ शरीरात कोठेतरी कापड विणले गेले आणि उसवलेही गेले.

सिरोसिसमध्ये काय बदलते

वरील पाच प्रथिनांपैकी तीन यकृतात बनतात. सिरोसिस वाढत गेला की ती तिन्ही कमी होतात. प्लास्मिनोजेन कमी झाले म्हणजे कात्र्या कमी झाल्या. याने गुठळी टिकण्याकडे कल होतो. अँटिप्लास्मिन आणि टाफी कमी झाले म्हणजे रखवालदार कमी झाले. याने गुठळी विरघळण्याकडे कल होतो.

टी-पीएची कथा निराळी आहे. ते यकृतात मुख्यतः बनत नाही, पण यकृत त्याला रक्तातून काढून टाकते. निरोगी माणसाच्या रक्तातील टी-पीए पाच-सहा मिनिटांत निम्मे होते. यकृत थकले की ते रक्तात रेंगाळते आणि वाढते. त्याला अडविणारा पीएआय-१ देखील सिरोसिसमध्ये बहुधा वाढतो. पण रोग फार पुढे गेल्यावर ही वाढ टी-पीएच्या वाढीला पुरी पडत नाही.

म्हणजे दोन्ही पारड्यांतील वजने बदलली. मग तराजू कोणीकडे झुकला? या प्रश्नावर शास्त्रज्ञांतही बराच काळ मतभेद होते. टाफी कमी झाल्याने गुठळ्या लवकर विरघळतात काय, याचा तपास करून टोन लिस्मन व त्यांच्या डच सहकाऱ्यांनी २००१ साली 'नाही' असे उत्तर दिले. कारण त्यांच्या मते उलट बाजूचे घटकही तितकेच कमी झालेले असतात. २००३ साली इटलीतील मारिओ कोलुची व सहकाऱ्यांनी 'होय' असे उत्तर दिले. दोघांच्या तपासण्याच्या रीती वेगळ्या होत्या. आज साधारण मान्य झालेले मत असे की, स्थिर सिरोसिसमध्ये तराजू बराचसा सरळ राहतो. मात्र जलोदर, कावीळ, जंतुसंसर्ग अशा अवस्थेला पोचलेल्या रुग्णांपैकी काहींत, म्हणजे सुमारे तिसऱ्या हिश्शापासून निम्म्याच्या आत, तो विरघळण्याकडे झुकलेला तपासणीत दिसतो.

हे निरीक्षण जुने आहे. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी १९१४ साली पाहिले की, सिरोसिसच्या रुग्णांचे रक्त नळीत साकळते खरे, पण ठेवून दिले असता ती गुठळी पुन्हा विरघळून जाते. त्या वेळी प्लास्मिन हे नावही कोणाला ठाऊक नव्हते.

पोटातील पाण्यातही गुठळी विरघळविण्याची शक्ती असते. १९७४ साली लेव्हीन या शल्यविशारदाने जलोदराचे पाणी नळीने थेट मानेच्या शिरेत सोडण्याची युक्ती काढली. पोट हलके झाले, परंतु अनेक रुग्णांत रक्त साकळण्याची आणि विरघळण्याची सारी यंत्रणाच विसकटली. शस्त्रक्रियेपूर्वी ते पाणी काढून टाकले तर हा उपद्रव कमी होई, यावरून दोष पाण्यातील घटकांचा होता हे ध्यानात आले.

अर्धा तराजू पाहणारी तपासणी

आता त्या 'पातळ रक्ता'कडे वळू. प्रयोगशाळेत आम्ही जी प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे पी. टी. ही तपासणी करतो, ती अमेरिकेच्या आर्मंड क्विक यांनी १९३५ साली बसविली. रक्तद्रवात ठरावीक द्रव्ये घालून धागा दिसायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. विणणारी प्रथिने कमी असली की वेळ वाढतो. तपासणी उत्तम आहे. यकृत किती काम करते आहे हे तिच्यावरून चांगले कळते. पण पहिला धागा दिसला की घड्याळ थांबते. ती गुठळी टिकेल की तासाभरात विरघळेल, हे पी. टी. सांगत नाही.

शिवाय साकळण्याला आवर घालणारी प्रोटीन 'सी' व अँटिथ्रॉम्बिन ही प्रथिनेही सिरोसिसमध्ये कमी झालेली असतात, याचीही दखल त्या नळीत नीट घेतली जात नाही. मिलानचे आर्मांदो त्रिपोदी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग केला. प्रोटीन 'सी'ला जागे करणारा, रक्तवाहिनीच्या अस्तरावर असणारा घटक त्यांनी नळीत घातला, आणि मग सिरोसिसच्या रुग्णांच्या व निरोगी माणसांच्या रक्तद्रवात थ्रॉम्बिन किती बनते ते मोजले. ते जवळपास सारखे निघाले. ज्यांचे रक्त 'पातळ' म्हणून नोंदले होते, त्यांचे रक्त विणण्यात मागे नव्हते.

म्हणून सिरोसिसच्या रुग्णाची स्थिती हातावर पोट असलेल्या संसारासारखी असते. जमा कमी आणि खर्चही कमी, म्हणून हिशेब जुळतो. पण शिल्लक काही नसल्यामुळे एखादे आजारपण आले की सारे कोलमडते. जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचा बिघाड किंवा शस्त्रक्रिया यांपैकी काहीही झाले की तराजू कोणत्याही बाजूला झुकू शकतो.

वर उल्लेखिलेल्या गृहस्थांच्या बाबतीत दोन्ही बाजू पाहावयास मिळाल्या. त्यांची दाढ काढली तेव्हा रक्त वेळेवर थांबले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा झिरपू लागले. बनलेली गुठळी विरघळत होती. लाळेतही टी-पीए असते, त्याचीही भर पडली. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे प्लास्मिनोजेनला धाग्यांवर बसू न देणारे औषध आहे. त्याच्या चुळा आणि बोळा यांनी काम भागले. वर्षभराने त्याच माणसाच्या पोर्टल शिरेत गुठळी सापडली. पी. टी. त्याही दिवशी वाढलेलीच होती. घरच्यांना हे पटेना. रक्त पातळ असताना गुठळी होईलच कशी? पण त्या शिरेतील प्रवाह मंदावलेला होता, आणि पातळ रक्ताचे कवच मुळात नव्हतेच. डॉक्टरांनी दुर्बिणीने अन्ननलिका पाहिली, फुगलेल्या शिरांचा बंदोबस्त केला आणि मग रक्त साकळू न देणारे औषध सुरू केले. काही महिन्यांत शीर बरीच मोकळी झाली.

दोन धडे

एकाच पारड्याकडे पाहिल्याने काय घडते, याचे दोन धडे वैद्यकाच्या इतिहासात आहेत.

पहिला १९६३ चा. अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी मानवातील पहिले यकृतरोपण केले. तीन वर्षांचे ते मूल रक्तस्रावाने शस्त्रक्रियेच्या मेजावरच दगावले. या शस्त्रक्रियेत काही काळ शरीरात यकृतच नसते. टी-पीए काढून टाकणारे कोणी नसल्याने ते वाढत जाते आणि गुठळ्या विरघळू लागतात. पुढच्या रुग्णांत रक्त साकळविण्यासाठी जोराचे उपाय केले. रक्तस्राव आवरला, परंतु गुठळ्या बनून फुप्फुसांत गेल्या. रुग्ण काही आठवड्यांपलीकडे जगले नाहीत. दीर्घकाळ जगलेला पहिला रुग्ण १९६७ मध्ये मिळाला; भारतात पहिले यशस्वी यकृतरोपण १९९८ साली दिल्लीत झाले. आज सुरतेत मेंदू मृत झालेल्या रुग्णांचे नातेवाईक अवयवदानाला संमती देतात आणि रुग्णवाहिकेसाठी रस्ते मोकळे ठेवून यकृत दुसऱ्या शहरात पोचविले जाते. त्या धावपळीमागे शस्त्रक्रियेच्या खोलीतील हा तराजू सांभाळण्याचे सहा दशकांचे शिक्षण आहे.

दुसरा धडा २०२० चा. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे जपानच्या उताको व शोसुके ओकामोतो या दांपत्याच्या संशोधनातून १९६२ साली पुढे आलेले औषध. प्रसूतीनंतरच्या आणि अपघातातील रक्तस्रावात त्याने असंख्य जीव वाचविले आहेत. मग अन्नमार्गातील रक्तस्रावातही ते शिरेतून द्यावे, असा विचार झाला. 'हॉल्ट-इट' नावाच्या चाचणीत १२,००९ रुग्ण घेतले. त्यांत यकृताचे रुग्ण पुष्कळ होते. मृत्यू कमी झाले नाहीत. शिरांतील गुठळ्या मात्र ०.४ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर गेल्या.

असे का व्हावे? दाढेतून रक्त आले ते गुठळी विरघळल्यामुळे. अन्ननलिकेतील फुगलेली शीर फुटते ती आतील दाबामुळे. नळ फुटला असता पाण्याचा दाब कमी करावा लागतो. नुसते चिंध्यांनी बांधून भागत नाही. म्हणूनच इटलीतील बावेनो येथील परिषदेच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शनात अशा रक्तस्रावात हे औषध देऊ नये, आणि पी. टी. सुधारण्यासाठी रक्तद्रवाच्या पिशव्याही चढवू नयेत, असे सांगितले आहे. पिशव्यांनी शिरांतील द्रव वाढतो, दाब वाढतो, आणि रक्तस्राव वाढू शकतो. रुग्णाचे भाऊबंद रात्री-अपरात्री रक्तपेढ्यांच्या दारात उभे राहतात, त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण डॉक्टर 'नको' म्हणाले तर तो हलगर्जीपणा समजू नये.

आपण काय करावे

हा लेख उपचार सांगण्यासाठी नाही. ते काम डॉक्टरांचे. पण काही गोष्टी विद्यार्थ्यांनाही करता येतील. घरात यकृताचा रुग्ण असेल तर दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्याला रोग सांगावा, आणि अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने देऊ नयेत. एक पाय सुजला किंवा पोटात नव्याने दुखू लागले, तर रक्त पातळ आहे म्हणून निर्धास्त राहू नये. हिपॅटायटिस 'बी'ची लस २०११ पासून देशभर बालकांच्या लसीकरणात आहे. त्याआधी जन्मलेल्यांनी ती घेतली आहे की नाही हे पाहावे. 'बी' व 'सी'ची तपासणी आणि उपचार २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. केशकर्तनालयात एकाच पात्याने अनेकांची दाढी होत असेल तर तेथे बसू नये.

आणि सिरोसिस झालेल्या माणसाला "किती पीत होता?" हा पहिला प्रश्न विचारू नये. पिणारा असो वा नसो, त्या प्रश्नाच्या धास्तीने माणसे सहा-सहा महिने दवाखान्याची पायरी चढत नाहीत, आणि तेवढ्या काळात यकृतातील आणखी काही यंत्रे कायमची बंद पडतात. वाचकांनी एवढे जरी ध्यानात ठेवले, तरी हा लेख लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.